मुंबईची देवस्थानं, दर्गे, चर्च आणि सिनेगॉग एका दिवसात: गाइडसोबतच्या फेरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरीची चौकशी करताना आणि चालता चालता लोक जे विचारतात, त्यातले बहुतेक प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फेरी मराठीत होते आणि शक्य तिथे पायी होते. आधी एवढं वाचून आलात तर तो वेळ बघण्याला आणि ऐकण्याला मिळेल.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

पाच, फार तर सहा. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, मुंबादेवी, माउंट मेरी आणि जमलं तर गोराईचा पॅगोडा, अशी यादी बरेच जण पाठवतात. गाडी केली तर हे सगळं एका दिवसात होतंही, पण दिवस जातो ट्रॅफिकमध्ये आणि दर्शनाच्या रांगेत. संध्याकाळी विचारलं तर एकाही जागेचं नीट काही आठवत नाही.

म्हणून आमच्या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. पहिली दक्षिण मुंबईची: बाणगंगा, मुंबादेवी, जामा मशीद, फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल, काळा घोड्याचं केनेसेत एलियाहू सिनेगॉग आणि शेवटी चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर. दुसरी समुद्राच्या कडेने वर जाणारी: हाजी अली, माहीमचा दर्गा, माहीमचं चर्च, वांद्र्याची मोत माउली (म्हणजे माउंट मेरी) आणि परतताना चैत्यभूमी. दोन्ही एका दिवसात करून द्या, असं कुणी म्हटलं तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

आम्ही जन्माने मुंबईकर. आम्हाला गाइड कशाला?

रस्ता दाखवायला नको, हे खरं. पण मुंबईकर माणूस बहुधा आपल्याच घरच्या देवस्थानाला जातो. गिरगावात वाढलेल्याने बाणगंगा पाहिलेली असते आणि जामा मशिदीच्या दारावरून तो हजारदा गेलेला असतो, पण मशिदीखाली पाण्याने भरलेला हौद आहे, हे त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकताना कुठे थांबायचं, कुणाला विचारायचं, डोक्यावर काय घ्यायचं, हे माहीत नसल्याचा संकोच असतो. तो संकोच मोडायला ओळखीचं माणूस बरोबर लागतं. आमचं निम्मं काम तेच आहे.

फेरी बाणगंगेपासूनच का सुरू होते?

कारण ही सगळी फेरी गोड्या पाण्याच्या मागाने जाते.

मुंबई म्हणजे मूळची सात बेटं, चारी बाजूंनी खारं पाणी. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. तोवर माणसं जगली ती विहिरींवर आणि तलावांवर. जिथे समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी लागलं, तिथे माणसाने हात जोडले आणि देऊळ, मशीद किंवा दिवा लावायची जागा उभी राहिली. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावं आपण रोज घेतो. ते खरोखरचे तलाव होते आणि ते बुजवले गेले. मुंबादेवीच्या देवळासमोरही तलाव होता, तोही गेला. बाणगंगा मात्र राहिली.

हे कुंड शिलाहारांच्या काळातलं, ११२७ सालचं सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात जुनं देऊळ पाडलं गेलं. आजचं वाळकेश्वराचं देऊळ १७१५ मध्ये रामा कामती या गौड सारस्वत व्यापाऱ्याने बांधून घेतलं. कथा सर्वांना माहीत आहे: सीतेच्या शोधात निघालेला राम इथे थांबला, त्याला तहान लागली, बाण मारला आणि गंगा वर आली. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, लाटांचा आवाज मागच्या गल्लीत ऐकू येतो, आणि तरी कुंडातलं पाणी गोडं. पायरीवर बसून ते पाणी ओंजळीत घेतलं की कथेची गरज का पडली, ते सांगावं लागत नाही.

आम्ही सकाळी साडेसहाला पायऱ्यांवर असतो. त्या वेळी दीपमाळांच्या मधून उजेड तिरका येतो, बदकं कुंडाच्या मधोमध असतात, एखादे गुरुजी धोतर पिळत असतात. पितृपक्षात गेलात तर चित्र अगदी निराळं दिसतं: पायऱ्यांवर मुंडण केलेली माणसं, समोर पत्रावळीवर पिंड, दर्भाची पवित्रकं आणि कावळ्यांची वाट पाहणारी घरची मंडळी. त्या पंधरवड्यात आम्ही वरच्या रस्त्यावरूनच दर्शन घेतो आणि खाली उतरत नाही. कुणाच्या वडिलांचं श्राद्ध चालू असताना आपण मागे उभं राहून माहिती सांगणं बरं नव्हे. कार्तिकी पौर्णिमेच्या दीपोत्सवाला मात्र जरूर या, पण त्यासाठी फेरी लागत नाही.

कुठल्या वारी यावं?

दक्षिण मुंबईच्या फेरीला गुरुवार किंवा रविवार उत्तम. रविवारी झवेरी बाजार बंद असल्यामुळे मुंबादेवीच्या गल्ल्यांतून मोकळेपणी चालता येतं. त्या दिवशी सकाळी सेंट थॉमसमध्ये उपासना असते, म्हणून आम्ही तिथे दुपारी पोहोचतो. सोमवारी शंकराच्या देवळांत गर्दी. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, तेव्हा मशिदीकडे फिरकायचं नाही. शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, सिनेगॉग टाळायचं.

माहीम-वांद्रे फेरीसाठी बुधवार घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवार करायची मेरीची प्रार्थना, असतो. १९४८ पासून ही प्रथा चालू आहे. मेरीपुढे नवस बोलायला येणाऱ्यांत ख्रिस्ती जितके, तितकेच इतर. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि हातात मेणबत्ती घेतलेल्या बायका त्या रांगेत दर बुधवारी दिसतात. गर्दी सोसवणार असेल तर यासारखा वार नाही.

हाजी अलीला भरतीची वेळ कशी कळते?

भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच आम्ही दुसऱ्या फेरीची तारीख ठरवतो. मोठ्या भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत आतली माणसं आत, बाहेरची बाहेर.

कोष्टक हाताशी नसेल तर कोकणात चालणारा जुना हिशेब करा: तिथीची पाऊणपट काढा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बाराच्या आसपास भरती येते आणि तीही उधाणाची. कृष्णपक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला हा हिशेब पक्का आहे. कोळीवाड्यातली जुनी माणसं घड्याळाआधी तिथी विचारतात, ती यासाठीच.

म्हणून हाजी अलीला अष्टमीच्या मागेपुढे दुपारी जावं. भरती तेव्हा लहान असते आणि वाट मोकळी.

हाजी अलीला बायकांना आत सोडतात का?

हो. २०१२ च्या सुमाराला मजारीच्या, म्हणजे पीरांच्या कबरीच्या, गाभाऱ्यात बायकांना बंदी घातली गेली होती. त्याविरुद्ध मुस्लिम स्त्रियाच कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, आणि पुढे दर्ग्याच्या ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचं मान्य केलं. आता पुरुष आणि बायका वेगवेगळ्या बाजूंनी दर्शन घेतात. ओढणी किंवा पदर डोक्यावर लागतो.

पीर हाजी अली शाह बुखारींचा हा दर्गा १४३१ सालचा मानतात. त्यांच्या कथेतही समुद्रच आहे: हजच्या प्रवासात मरण आलं तर शवपेटी समुद्रात सोडा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि ती पेटी तरंगत वरळीच्या या खडकाला लागली, असं भाविक सांगतात.

महालक्ष्मी आणि सिद्धिविनायक फेरीत का नाहीत?

श्रद्धेपोटी जायचं असेल तर अवश्य जा, आम्ही वेळ काढून देतो. फेरीत धरत नाही, कारण रांगेला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. मंगळवारी, अंगारकीला किंवा नवरात्रात तर दिवस तिथेच संपतो. शिवाय या दोन्ही देवस्थानांना मुंबईकर एरवीही जातोच.

पण दोन्हींच्या मागची माणसं सांगायला हवीत. सिद्धिविनायकाचं मूळ लहानसं देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजी पूर्ण झालं. बांधणारे लक्ष्मण विठू, आणि पैसा देउबाई पाटील या आगरी बाईंचा. त्यांना मूल नव्हतं. दुसऱ्या बायकांची कूस उजवावी म्हणून त्यांनी देऊळ बांधून घेतलं. आज ज्या गणपतीपुढे मोठमोठी माणसं उभी राहतात, त्याचं देऊळ एका निपुत्रिक आगरी बाईंनी उभं केलं, हे मला प्रत्येक गटाला सांगावंसं वाटतं.

महालक्ष्मीची गोष्ट पुन्हा पाण्याची. वरळीची खाडी बंद करणारा बांध घालताना तो पुन्हापुन्हा खचे. पाठारे प्रभू समाजातले रामजी शिवजी त्या कामावर होते. त्यांच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढ म्हणाली, मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला, हा इतिहास. आत महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तिघी आहेत.

अग्यारीत जाता येईल का?

नाही. अग्यारी म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, आणि आतशबेहराम हे त्यातलं सर्वांत वरच्या दर्जाचं. दोन्हींत फक्त पारशी-झरतुष्ट्री जातात. “तुमची ओळख असेल, बघा ना जमतं का,” असं विचारू नका. आम्ही विचारतही नाही. ज्याचा अग्नी, त्याचा नियम.

भारतातल्या आठ आतशबेहरामांपैकी चार मुंबईत आहेत आणि रस्त्यावरूनही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी दाढीवाले, पंख असलेले दोन दगडी बैल पहारा देतात. त्यांच्यासमोर आम्ही बराच वेळ थांबतो. तिथून पुढे भिका बेहराम विहीर. १७२५ साली भिकाजी बेहरामजी या पारशी व्यापाऱ्याने ती खणली, समुद्राच्या इतक्या जवळ, आणि पाणी गोडं लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास होतात म्हणून शहरातल्या कितीतरी विहिरी बुजल्या. ही राहिली, कारण माणसं तिच्याकडे नुसती विहीर म्हणून बघत नव्हती. संध्याकाळी चर्चगेटची गर्दी लोकलकडे धावत असते आणि कुंपणाच्या आत रंगीत काचांच्या छत्राखाली एखादी वृद्ध पारशी बाई डोक्याला रुमाल बांधून विहिरीपाशी प्रार्थना करत उभी असते. आपण बाहेरच्या फुटपाथवरून, आवाज न करता, दोन मिनिटं थांबून निघायचं. फोटो काढायचा नाही.

जामा मशिदीत आत नेता का?

परवानगी मिळाली तर. नमाजाच्या वेळा सोडून जातो आणि आधी विचारतो. कुणाला कुठपर्यंत जाता येईल हे तिथली मंडळी ठरवतात. बायकांना हौदापर्यंत जायला मिळेलच, असं मी आधी कबूल करत नाही. काय ठरलं ते आदल्या दिवशी कळवतो.

ही मशीद कोकणी मुसलमानांची. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या नाखवांची आणि व्यापाऱ्यांची. बांधकाम १७७५ ला सुरू झालं आणि १८०२ ला पुरं झालं. जागेवर तलाव होता. तो न बुजवता त्याच्यावरच मशीद उभी केली. खाली काळ्या दगडाच्या कमानी थेट पाण्यात उतरतात, पायऱ्यांवर बसून लोक वजू करतात, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात, आणि पाण्यात मासे फिरत असतात. बाहेर काळबादेवीच्या हातगाड्यांचा आणि हमालांचा गलका चाललेला असतो, आत पाऊल टाकलं की गारवा. सकाळी बाणगंगा पाहिलेली माणसं इथे हमखास एकमेकांकडे बघतात.

सिनेगॉगशी मराठी माणसाचा काय संबंध?

खूप जवळचा. काळा घोड्याचं केनेसेत एलियाहू १८८४ मध्ये जेकब ससून यांनी बांधलं. ते बगदादी ज्यूंचं. २०१९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, रंगीत काचांचं काम पुन्हा झळाळलं. आम्ही तिथे जातो, कारण ते बघायला मोकळं असतं.

पण सांगतो बेने इस्राएलांविषयी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंविषयी. ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडातली. आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर. धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारचे त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलायचे, पोथ्या मराठीत छापल्या, कीर्तनंसुद्धा मराठीत केली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, मशीद बंदरजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर. सामाजी हसाजी दिवेकर या फौजेतल्या अधिकाऱ्याने ते बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दलचा तो नवस होता, असं त्यांच्या समाजात सांगतात. शुभकार्याला ते मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आळवणी. आपल्या आजीने ताटात वाढावं असंच सगळं.

यांच्यातले बहुतेक आता इस्राएलला गेले. म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं.

सिनेगॉगला येताना ओळखपत्राची मूळ प्रत आणा. बंदोबस्त कडक असतो. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते.

कपडे कसे असावेत? चपला?

खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घाला. मोठी ओढणी किंवा स्वच्छ रुमाल पुरुषांनीही जवळ ठेवावा, कारण दर्गा, सिनेगॉग, सगळीकडे डोकं झाकायला तो लागतो. चपला सहज निघतील अशा घाला, बुटांच्या नाड्या सोडण्यात गटाचा वेळ जातो. एक जुना मोजा-जोड पिशवीत टाका. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशा तापतात. वाळकेश्वरच्या जैन देरासरात आत जायचं असेल तर चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स काही चालत नाही.

मासिक पाळी असेल तर?

काही जागी, विशेषतः देरासरात, तशी पाटी लावलेली असते. चर्चमध्ये असा नियम नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. गटातल्या कुणालाही आम्ही हा प्रश्न विचारत नाही. बाहेर थांबायचं असेल तर कारण न सांगता नुसतं “मी बाहेर बसते” म्हटलं तरी पुरे, सावलीची जागा दाखवून देतो.

फोटो काढता येतात का?

बाहेरून बहुतेक ठिकाणी हो. गाभाऱ्यात, मजारीपाशी आणि प्रार्थना चालू असताना नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा कधीच नाही. रील करण्यासाठी फेरी थांबणार नाही.

आईचे गुडघे दुखतात. तिला जमेल का?

दक्षिण मुंबईची फेरी सांभाळून जमते. बाणगंगेला पायऱ्या न उतरता वरून कुंड दिसतं. मधल्या टप्प्यांना टॅक्सी घेतो. सेंट थॉमसमध्ये बसायला बाकं आहेत, आणि तिथे बसूनच बघावं असं आहे. १७१८ च्या नाताळात उघडलेलं हे मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च. चर्चगेट स्टेशनाला ज्या वेशीचं नाव मिळालं, ती वेस याच चर्चकडे जाणारी. भिंतींवरच्या संगमरवरी पाट्या वाचत गेलं की लक्षात येतं, विशी-पंचविशीतली किती पोरं इथल्या तापाने गेली.

बाणगंगेऐवजी बाबुलनाथ हवं असेल तर तिथे टेकडीवर जायला लिफ्ट आहे. हाजी अलीची वाट लांब आणि उन्हाची आहे, ती आईंना सुचवणार नाही. मोत माउलीला गाडी थेट दाराशी जाते.

मुलांना आणू का?

दहा वर्षांच्या पुढची मुलं छान रमतात. त्यांच्याकडे एकच काम देतो: प्रत्येक ठिकाणी पाणी कुठे आहे ते शोधायचं. देवळातलं कुंड, मशिदीतला हौद, चर्चच्या दाराशी असलेलं तीर्थाचं भांडं. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं मुलं दाखवतात. त्याहून लहान मुलांना दिवसभर चालवू नका.

मोत माउली म्हणजे माउंट मेरीच ना? तिथे मेणबत्ती लावली तर चालेल?

हो, तीच. कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, लोकांची मोत माउली. मूर्ती कोळ्याला समुद्रात सापडली, अशी कथा इथेही आहे. आजची इमारत १९०४ ची, आणि वास्तुरचनाकार होते शापूरजी चंदाभॉय, म्हणजे मेरीचं चर्च पारशाने आखलेलं. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर बांद्र्याची जत्रा भरते.

चर्चसमोरच्या स्टॉलवर नीट बघा. साध्या मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोकी, तान्ही बाळं, घरं मांडलेली असतात. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला खोली हवी तो मेणाचं घर. विकणाऱ्या मावशी गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “कशासाठी पाहिजे?” आणि मग हात बरोबर त्या आकृतीकडे जातो. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तीच रीत.

मेणबत्ती कुणीही लावावी. मात्र पवित्र कम्युनियन देण्याची वेळ असेल तर रांगेत उभं राहू नका, ते बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असतं.

दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी हात जोडावेच लागतात का? प्रसाद, तबर्रुक (दर्ग्यातला प्रसाद) घ्यावा का?

काहीच सक्तीचं नाही. शांत उभं राहिलात तरी तो आदरच. प्रसाद नको असेल तर उजवा हात छातीवर ठेवून मान लववली की समोरचा समजतो. घेतलात तर मात्र टाकू नका.

माहीमच्या दर्ग्यात एक गोष्ट सांगतो. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कुराणाचे मोठे भाष्यकार, कोकणी मुसलमान. डिसेंबरमध्ये त्यांच्या उरुसाला दहा दिवस माहीमची जत्रा भरते, आणि पहिली चादर चढवायचा मान मुंबई पोलिसांचा. माहीम पोलीस ठाण्यातून बँडच्या तालावर संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, निघतो आणि वर्दीतली माणसं चादर डोक्यावर घेऊन चालतात. त्यांच्यात सगळ्या धर्मांचे असतात.

चैत्यभूमीला कधी नेता?

दुसऱ्या फेरीच्या शेवटी, संध्याकाळी. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर इथे अंत्यसंस्कार झाले. स्तूपाचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झालं. सांचीच्या धर्तीचं तोरणद्वार आहे, मागे समुद्र.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेरी नेत नाही. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं आपल्या बापाला वंदन करायला आलेली असतात. तिथे बघे म्हणून जाऊ नये. जायचं तर सामान्य माणसासारखं रांगेत उभं राहावं आणि शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर वेळ घालवावा.

जेवणाचं आणि स्वच्छतागृहाचं काय?

सकाळचा नाश्ता बाणगंगेहून उतरल्यावर गिरगावात. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होमची मिसळ आणि पियूष बहुतेकांना आवडतं. दुपारचं जेवण फोर्टात, शाकाहारी हॉटेलात, म्हणजे कुणाची अडचण नको. उपास असेल तर आधी सांगा. पाण्याची बाटली प्रत्येकाची. स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल ते आम्ही ठरवून ठेवलेलं असतं आणि दर दोन तासांनी थांबतो. बायकांनी त्यासाठी कमी पाणी पिऊन चालू नये.

गाडीने फिरायचं की लोकलने?

गाडी नका आणू. भुलेश्वर-काळबादेवीत ती उभी करायला जागा नाही. मेट्रो तीनमुळे गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, चर्चगेट एका ओळीत आले आहेत, आणि वर दादर, शीतलादेवी. उरलेलं पायी नाहीतर काळ्या-पिवळ्या टॅक्सीने.

पावसाळ्यात फेरी असते का?

पहिली असते, छत्री घेऊन. बाणगंगा पावसात फार देखणी दिसते, फक्त पायऱ्यांवर शेवाळ असतं. दुसरी फेरी उधाणाच्या दिवसांत बंद.

कान्हेरी आणि घारापुरी का नाही?

दोन्हींना स्वतंत्र दिवस हवा, आणि दोन्ही सोमवारी बंद. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. तिथे मूर्तींइतकीच पाण्याची व्यवस्था बघा: प्रत्येक विहाराच्या दाराशी कातळात खोदलेली पोढी (पाण्याची टाकी) आणि पावसाचं पाणी त्यात आणणारे पन्हळ. भिक्षूंनी डोंगरावर वर्षभराचं पाणी कसं साठवलं, ते कळतं. थंडीत तिथली वेगळी फेरी असते.

चांगला गाइड कसा ओळखावा? फी किती द्यावी?

पैसे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का? फीमध्ये टॅक्सी, नाश्ता, तिकिटं धरली आहेत का? आणि मधे कुठल्या दुकानात नेणार का? तिसऱ्याचं उत्तर “हो” आलं तर दुसरा गाइड बघा. “खास दर्शन करून देतो” म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. देवस्थानाची पावतीवाली सोय असेल तर ती तुम्ही स्वतः खिडकीवर जाऊन घ्या.

पेटीत टाकायचं दान ज्याचं त्याने ठरवायचं. गाइडने त्यासाठी पैसे गोळा करू नयेत.

तुम्ही सांगता त्या कथा खऱ्या आहेत का?

कथा सांगताना मी “सांगतात” म्हणतो आणि इतिहास सांगताना साल देतो. रामाचा बाण, तरंगती पेटी, स्वप्नातली देवी, कोळ्याच्या जाळ्यातली मेरी, यांचे पुरावे मागू नका. पण मुंबादेवीचं मूळ देऊळ बोरीबंदरला होतं आणि इंग्रजांच्या किल्ल्यापायी ते हलवावं लागलं, हे कागदोपत्री आहे. कोळ्या-आगऱ्यांची ही देवी, जिच्या नावाने शहर ओळखलं जातं, तिला स्वतःला बिऱ्हाड हलवावं लागलं. या शहरात भाड्याच्या खोल्या बदलत आलेल्या माणसांना ही गोष्ट ऐकताना वेगळं काही समजवावं लागत नाही.

किती आधी कळवायचं?

आठ दिवस आधी. गटात बाराच्या वर माणसं घेत नाही, कारण त्याहून जास्त झाली की देवळात आणि मशिदीत इतरांना त्रास होतो. नोंदणी करताना प्रत्येकाचं वय, चालण्याची अडचण आणि खाण्यातलं पथ्य लिहा. सिनेगॉगसाठी ओळखपत्र लागतंच, ते घरी विसरलात तर त्या वेळात तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.